ग्रिबोयेदवची वाट

मॉस्कोत चिस्तीये प्रुदी या मेट्रो स्थानकातून वर आलं की बुलेव्हारच्या तोंडाशीच अलेक्झांडर ग्रिबोयेदवचा पुतळा दिसतो. पुतळा १९५९ सालचा. वर लेखक उभा आहे आणि खाली चौथऱ्याभोवती, रंगमंचाचा पडदा नुकताच बाजूला सारल्यासारखी, त्याच्या नाटकातली पात्रं कोरलेली आहेत. पीटर्सबर्गमध्ये त्याच्या नावाचा कालवा आहे, तिबिलिसीत त्याच्या नावाचं रशियन नाट्यगृह आहे, येरेवानमध्ये आणि तेहरानच्या रशियन वकिलातीच्या आवारात त्याचे पुतळे आहेत. बुल्गाकवच्या 'मास्टर आणि मार्गारिता'त लेखक मंडळी जेवायला जमतात त्या घराचं नावसुद्धा ग्रिबोयेदव आहे. एवढ्या खुणा ज्याच्या नावानं उभ्या राहिल्या, त्या माणसाच्या खाती खऱ्या अर्थानं एकच नाटक जमा आहे. 'गोरे ओत उमा', म्हणजे 'बुद्धीपायी दुःख'. बाकीचं आयुष्य परराष्ट्र खात्याच्या चाकरीत गेलं आणि अवघा चौतीस वर्षांचा असताना तेहरानमध्ये एका जमावानं त्याला ठार मारलं. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही दोन आयुष्यं वेगळी धरतात: एक मॉस्कोचा नाटककार, दुसरा इराणात बळी गेलेला वकील. मग हळहळ अशी, की नोकरीनं लेखक खाल्ला. मला ही हळहळ चुकीची वाटते. मॉस्को, पीटर्सबर्ग, तिफ्लिस (आजचं तिबिलिसी), तब्रीझ, तेहरान ही त्याची वाट नकाशावर धरून चाललं आणि कुठल्या मुक्कामी काय लिहिलं गेलं ते पाहिलं, की नाटक त्या वाटेनंच दिलं हे दिसू लागतं. तो मॉस्कोत बसून राहिला असता तर मॉस्कोचं हे नाटक झालं नसतं.

आधी नाटकाकडे पाहू, कारण ते मोठं का, हे कळल्याशिवाय वाटेचा हिशेब मांडता येत नाही. त्याच्या आधी रशियन रंगभूमीवर चांगलं विनोदी नाटक नव्हतं असं नाही. फोनविझिनचं 'नेदोरोस्ल' १७८२ मध्येच रंगमंचावर आलं होतं, पण ते गद्यात होतं. पद्यातली नाटकं फ्रेंच साच्यातली: प्रत्येक ओळ सारख्या मापाची, सहा पदांची, मध्ये ठरलेला यती, आणि पात्र मोलकरीण असो की सरदार, सगळ्यांचं बोलणं एकाच इस्त्रीचं. ग्रिबोयेदवनं या कामासाठी वेगळं माप उचललं. क्रिलव आपल्या बोधकथांत वापरायचा ते, जिथे एक ओळ सहा पदांची तर पुढची दोन पदांची, कधी एकाच शब्दाची. यमक मात्र पक्कं. त्यानं केलं काय, तर एकच ओळ दोन-तीन पात्रांत वाटून दिली. एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा ते तोडतो, तिसरा यमक जुळवून संपवतो. ऐकणाऱ्याला कविता ऐकतोय असं वाटतच नाही, घरातलं बोलणं चालू आहे असं वाटतं. आणि यमकामुळे ते बोलणं डोक्यातून जात नाही. जानेवारी १८२५ मध्ये पुश्किननं एका मित्राला लिहिलं होतं की या नाटकातल्या निम्म्या ओळी तरी म्हणी होणार. झालंही तसंच. आज रशियन माणूस ऑफिसात, भांडणात, लग्नघरात या ओळी वापरतो आणि त्या कुणाच्या हे अनेकदा त्याच्या ध्यानीही नसतं. पात्रांची नावंही बोलकी आहेत. मोल्चालिन हे नाव गप्प राहण्याच्या क्रियापदावरून आलंय, स्कालाझूब म्हणजे दात विचकणारा, रेपेतीलव म्हणजे दुसऱ्याचंच पुन्हा बोलणारा. फामुसव, हाताखालच्या खात्यापेक्षा समाजात आपलं काय बोललं जाईल याची जास्त काळजी करणारा वडीलधारा अधिकारी, त्याचं नाव लॅटिन 'फामा'वरून, म्हणजे बोलवा. सगळी नावं बोलण्याभोवतीच फिरतात, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

असा कान कुठून आला? त्याचा जन्म मॉस्कोचा, जन्मसाल बहुतेक जण १७९५ धरतात, काही जण १७९०. लहानपणीचे उन्हाळे स्मोलेन्स्क प्रांतातल्या ख्मेलिता या मामांच्या इस्टेटीवर गेले. आज तिथे संग्रहालय आहे, आणि त्या मामांमध्येच फामुसवचा मूळ साचा शोधला जातो. मॉस्को विद्यापीठात भाषा आणि कायदा शिकला, १८१२ मध्ये नेपोलियन चालून आला तेव्हा घोडदळात भरती झाला, पण प्रत्यक्ष लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. १८१७ मध्ये पीटर्सबर्गच्या परराष्ट्र खात्यात रुजू झाला, त्याच वर्षी पुश्किनही तिथेच लागला. या काळात त्यानं नाटकं लिहिली. फ्रेंचवरून केलेलं 'तरुण जोडपं', मित्रांबरोबर मिळून केलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी. त्या वाचल्या तर कळतं की हुशार, यमकं जुळवणारा, थिएटरच्या बैठकांत रमणारा एक तरुण आहे. त्यापलीकडे काही नाही. हा पुरावा माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. राजधानीतल्या सगळ्या सोयी, मित्र, नाट्यगृह, नट, नर्तकी हाताशी असताना त्याच्या हातून जे लिहून झालं ते आज केवळ अभ्यासक वाचतात.

पीटर्सबर्ग सुटलं ते एका द्वंद्वामुळे. इस्तोमिना नावाच्या प्रसिद्ध नर्तकीवरून १८१७ च्या नोव्हेंबरात चौघांचं द्वंद्व ठरलं. शेरेमेत्येव नावाचा तरुण त्यात मेला. दुसऱ्या जोडीचं, म्हणजे ग्रिबोयेदव आणि याकुबोविचचं, द्वंद्व पुढे ढकललं गेलं आणि वर्षभरानं तिफ्लिसजवळ झालं. याकुबोविचची गोळी ग्रिबोयेदवच्या डाव्या हाताला लागली, करंगळी कायमची वाकडी झाली. तो उत्तम पियानो वाजवायचा, त्याचे दोन वॉल्ट्झ आजही वाजवले जातात, आणि त्या बोटासाठी त्याला बोटांची ठेवणच बदलावी लागली. तोपर्यंत त्याची नेमणूक इराणातल्या रशियन शिष्टमंडळाचा सचिव म्हणून झाली होती. नकाशा काढला तर मॉस्को ते तिफ्लिस सुमारे २,००० किलोमीटर. व्लादिकावकाझपासून पुढे जॉर्जियन लष्करी रस्ता. तेरेक नदीच्या कडेनं दार्याल घळीतून वर, काझबेक शिखराखालून, सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या क्रॉस खिंडीतून पलीकडे उतरायचं. आज मोटारीनं हा रस्ता काही तासांचा आहे. तेव्हा दरडी, हिमलोट आणि हल्ले यांच्या भीतीनं प्रवासी सैनिकांच्या आणि तोफेच्या संगतीनं, तांड्यानं निघत. तिफ्लिस ओलांडून आणखी दक्षिणेला तब्रीझ, जिथे इराणचा युवराज अब्बास मिर्झा राहायचा आणि म्हणून परदेशी वकिलातीही तिथेच होत्या.

तब्रीझला त्याचं आयुष्य परक्या भाषांत चालू झालं. फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, इटालियन त्याला येतच होत्या, आता फारसी, अरबी आणि तुर्की शिकायला घेतली. १८१९ मध्ये इराणी फौजेत अडकलेल्या दीडशेच्या आसपास रशियन सैनिकांना, कैदी आणि पळून गेलेले दोन्ही, तो तब्रीझहून तिफ्लिसला स्वतः घेऊन आला. त्यांना माफीचा शब्द दिला होता, तो सरकारनं नीट पाळला नाही आणि हे त्याला फार लागलं. अशा दिवसांत, नोव्हेंबर १८२० मध्ये तब्रीझहून लिहिलेल्या एका पत्रात त्यानं एक स्वप्न सांगितलंय: दूर मायदेशी मित्रांच्या मेळाव्यात तो पोहोचलाय, आणि काही लिहिलंस का असं विचारून एक जण त्याच्याकडून लिहिण्याचं वचन घेतो. स्वप्नातून नाटक जन्मतं असं मी म्हणणार नाही. पण पुढची साक्ष पक्की आहे. १८२१ च्या शेवटी तो तिफ्लिसला आला आणि जनरल येर्मोलवचा परराष्ट्र व्यवहाराचा सचिव झाला. त्याच सुमारास पीटर्सबर्गचा मित्र, कवी क्युखेलबेकर, तिफ्लिसला होता. पुढे तुरुंगात लिहिलेल्या डायरीत क्युखेलबेकर सांगतो की नाटक जवळजवळ त्याच्या डोळ्यांसमोर लिहिलं गेलं आणि प्रत्येक प्रवेश लिहून होताच त्यानं तो पहिल्यांदा ऐकला. म्हणजे मॉस्कोच्या दिवाणखान्यातलं पहिलं बोलणं कागदावर उतरलं ते कुरा नदीच्या काठी, जॉर्जियन, आर्मेनियन आणि तातारी बाजाराच्या गलबल्यात. माझं अनुमान असं, की रोज दुभाष्याचं काम करणाऱ्या माणसाला आपली भाषा बाहेरून ऐकू येऊ लागते. शब्दाची लकब, कोण कुणापुढे कसं वाकतं, गप्प बसणं कुठे नम्रता असते आणि कुठे हिशेब, हे त्याला दरबारात वाचावंच लागतं. मोल्चालिनसारखं पात्र, जे जवळपास काही न बोलता वर चढत जातं, ते मुत्सद्द्याच्या कानाला सापडलेलं पात्र आहे.

यावर आक्षेप येतो तो त्याच्याच जिवलग मित्राकडून. बेगिचेवनं लिहून ठेवलंय की नाटकाचा आराखडा १८१६ मध्येच, पीटर्सबर्गमध्ये डोक्यात होता. शिवाय तिसरा आणि चौथा अंक कॉकेशसमध्ये लिहिलाच गेला नाही. १८२३ च्या वसंतात ग्रिबोयेदव रजेवर मॉस्कोत आला, नाचांना आणि मेजवान्यांना गेला, आणि उन्हाळ्यात तुला प्रांतातल्या बेगिचेवच्या गावी बागेत बसून त्यानं उरलेले अंक पूर्ण केले. मग वाटेचं श्रेय कसलं? दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत आणि दोन्हींमुळे माझं म्हणणं आणखी घट्ट होतं. आराखडा १८१६ चा असेल, पण तो पाच-सहा वर्षं तसाच पडून राहिला आणि तिफ्लिसमध्ये चालू लागला, हे विसरता येत नाही. आणि १८२३ मध्ये मॉस्कोत शिरला तो पाच वर्षं बाहेर राहिलेला माणूस होता. नाटकाचा नायक चात्स्की हा असाच तीन वर्षांनी परतलेला आहे. पहिल्या अंकात तो रस्त्यावरून थेट फामुसवच्या घरात येतो, ४५ तासांत ७०० हून अधिक वर्स्त (साधारण तितकेच किलोमीटर) धावून, डोळ्याला डोळा न लागता. शेवटच्या अंकात तो बग्गी मागवतो आणि निघून जातो. मधला सगळा वेळ एका दिवसाचा. रस्ता ते रस्ता अशी या नाटकाची चौकट आहे. त्याहून बोलका पुरावा खुद्द लेखकाच्या पत्रात आहे. १८२४ च्या उन्हाळ्यात तो पीटर्सबर्गला चालला होता. नाटक संपलंय असं समजून निघाला होता, आणि प्रवासात त्याला नवा शेवट सुचला: फामुसवची मुलगी सोफिया मेणबत्ती घेऊन जिन्यावर येते आणि ज्याच्यावर ती जीव लावून बसली तो मोल्चालिन खाली मोलकरणीच्या मागे लागलेला तिला दिसतो. संपूर्ण नाटकाचा कस ज्या प्रवेशात उतरतो तो अक्षरशः वाटेवर सुचलेला आहे.

दुसरा आक्षेप असा, की हे मोलिएरच्या 'ल मिझांथ्रोप'चं रशियन रूप आहे. शहाणा, तापट, सगळ्यांना खरं सुनावणारा नायक, त्याच्या प्रेमाला नकार, शेवटी समाजाला पाठ. साम्य आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. मोलिएरच्या नायकाला लोक विचित्र समजतात, ग्रिबोयेदवच्या नायकाला वेडा ठरवतात. फरक इथे आहे, आणि तिसरा अंक जवळून वाचला की तो किती मोठा आहे ते कळतं. चात्स्कीच्या बोलण्यानं दुखावलेली सोफिया एका पाहुण्याशी सहज म्हणून जाते की याचं डोकं ठिकाणावर नाही. त्या पाहुण्याला नाव नाही, तो केवळ श्री. एन. तो ऐकतो आणि खरंच का म्हणून विचारतो. एवढ्यानं सोफियाला उमगतं की हे पसरू शकेल, आणि ती पसरू देते. श्री. एन. ते श्री. डी. ला सांगतो, तोही निनावी. तिथून ते झागोरेत्स्कीकडे जातं, जो लबाड म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो लगेच तपशील जोडतो. दहा मिनिटांत दिवाणखान्यात कारणांवर वाद सुरू होतो: आईकडून आलंय, दारू जास्त झालीय, पुस्तकं वाचून झालंय. वेडाबद्दल कुणालाच शंका उरलेली नसते, प्रश्न कारणाचा आहे. इथे कोणी खलनायक नाही, कुणी कट केलेला नाही, बोलण्यातून बोलणं वाढतं आणि माणूस संपतो. मोलिएरकडे हे यंत्र नाही. ते ग्रिबोयेदवनं मॉस्कोत पाहिलं आणि लांब राहून त्याचे दाते मोजले. १८३६ मध्ये तत्त्वचिंतक चादायेवनं रशियाच्या इतिहासावर टीका करणारं पत्र छापलं तेव्हा झार निकोलाय पहिला यानं त्याला अधिकृतपणे वेडा ठरवून घरात बसवलं आणि वैद्याची तपासणी लावली. चात्स्कीच्या नावात चादायेवचं नाव ऐकणारे लोक आधीपासूनच होते. नाटक लिहून बारा वर्षं झाली होती.

पुश्किननं मात्र एक खोट काढली, आणि ती अजून दिली जाते: चात्स्की बुद्धिमान नाही, कारण बुद्धिमान माणूस असल्या लोकांपुढे असली भाषणं करत नाही. बुद्धिमान आहे तो लेखक. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो परतलेल्या माणसाला लागू पडत नाही असं मला वाटतं. जो इथेच राहिला त्याला कुणापुढे बोलून उपयोग नाही ते ठाऊक असतं. जो तीन वर्षांनी येतो तो आशेनं बोलतो. १८७२ मध्ये गोंचारवनं या नाटकावर लिहिलेल्या मोठ्या निबंधात चात्स्कीच्या यातना समजून घेतल्या, आणि रशियन रंगभूमीनं पुढे तोच चात्स्की उचलला.

हे नाटक रंगमंचावर पाहणं लेखकाच्या नशिबी जवळजवळ नव्हतं. सेन्सॉरनं छापायला परवानगी दिली नाही, १८२५ च्या एका वार्षिकात काटछाट करून तुकडे आले तेवढेच. त्याच वर्षी मे महिन्यात पीटर्सबर्गच्या नाट्यशाळेतल्या विद्यार्थ्यांनी तालमी केल्या, ग्रिबोयेदव स्वतः त्यांना शिकवायला जायचा, आणि गव्हर्नर मिलोरादोविचनं प्रयोग बंद पाडला. पण लोकांनी वाट काढली. मित्र झांद्र सरकारी कचेरीत अधिकारी होता, त्याच्या हाताखालच्या कारकुनांनी नकला उतरवल्या, त्या नकलांच्या नकला झाल्या, आणि देशभर नाटक हातानं लिहून पोहोचलं. छापील रूपात ते १८३३ मध्ये आलं, तेही कापलेलं. संपूर्ण, सेन्सॉरच्या कात्रीविना ते रशियात छापायला १८६० चं दशक उजाडावं लागलं. आणि पहिला प्रयोग? १८२७ मध्ये, रशियन सैन्यानं नुकत्याच जिंकलेल्या एरिवानच्या (आजच्या येरेवानच्या) किल्ल्यात, सरदाराच्या वाड्यात, सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी केलेला. लेखक प्रेक्षकांत होता. राजधानीतल्या पडद्याआधी चार वर्षं. त्या किल्ल्याच्या जागी आज मद्याचा कारखाना उभा आहे. मॉस्कोच्या नाटकाचा पहिला पडदा आर्मेनियाच्या मातीत वर गेला, हेही या वाटेनंच दिलेलं.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. दरबारी चढउतारावर, गुलामगिरीवर कोरडे ओढणारा हा लेखक स्वतः त्याच साम्राज्याचा कर्तबगार नोकर होता. १८२६ मध्ये, आधीच्या डिसेंबरात झारविरुद्ध झालेल्या उठावावरून त्याला ग्रोझनी किल्ल्यात अटक झाली, येर्मोलवनं आधीच सूचना दिल्यामुळे त्याला कागद जाळता आले, चार महिने पीटर्सबर्गमध्ये कैदेत राहिला आणि निर्दोष सुटून पुन्हा कामावर गेला. त्याच्याबरोबर बसणारे मित्र सैबेरियात गेले किंवा फासावर गेले. रशिया-इराण युद्ध संपल्यावर फेब्रुवारी १८२८ चा तुर्कमानचायचा तह घडवण्यात त्याचा मोठा हात होता. एरिवान आणि नाखिचेवान रशियाकडे आले आणि इराणवर दोन कोटी चांदीच्या रुबलची खंडणी बसली. ती वसूल करताना तो कठोर होता. त्याच वर्षी त्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या धर्तीवर कॉकेशसपलीकडच्या प्रदेशासाठी एक रशियन व्यापारी कंपनी काढण्याची योजनाही मांडली, ती वरिष्ठांनी फेटाळली. आपल्याला कंपनीचा अनुभव आहे, त्यामुळे ही योजना वाचताना कौतुक वाटणं शक्य नाही. चात्स्कीला वाचवण्यासाठी वकील ग्रिबोयेदवला वाचवावं असं मला वाटत नाही. मला इतकंच म्हणायचंय, की या विरोधाचं त्याला भान होतं आणि नाटकाची धार त्या भानातून आली. बाहेर बसून शिव्या देणाऱ्याला फामुसवचं घर इतकं आतून दिसलं नसतं.

तहाची प्रत घेऊन तो मार्च १८२८ मध्ये पीटर्सबर्गला पोहोचला तेव्हा तोफांची सलामी झाली, आणि बक्षीस म्हणून त्याला इराणात सम्राटाचा पूर्णाधिकारी मंत्री म्हणून पाठवण्यात आलं. त्याला जायचं नव्हतं. तिफ्लिसला थांबला तेव्हा कवी अलेक्झांडर चवचवाद्झेची मुलगी नीना, जिला त्यानं लहानपणी पियानो शिकवला होता, आता पंधरा वर्षांची होती. २२ ऑगस्ट १८२८ रोजी सिओनी कॅथेड्रलमध्ये त्यांचं लग्न झालं, त्याच्या अंगात तेव्हा ताप होता. नीना गरोदर राहिली. तिला तब्रीझला ठेवून तो डिसेंबरात एकटा तेहरानला गेला. तिथे शहाच्या अंतःपुरात अनेक वर्षं चाकरी केलेला खोजा मिर्झा याकूब, मूळचा एरिवानचा आर्मेनियन, वकिलातीत आसरा मागायला आला, आणि एका मोठ्या सरदाराच्या जनानखान्यातून दोन स्त्रिया आल्या. कैद्यांना मायदेशी परतण्याचा हक्क तहात लिहिलेला होता, आणि तो मजकूर घडवणाऱ्यांत हाच होता. त्यानं कुणालाही परत दिलं नाही. शहरात बोलणं पसरलं, मशिदीतून आदेश निघाला, आणि जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ३० जानेवारी १८२९ रोजी जमावानं वकिलात फोडली. ३७ माणसं मारली गेली. पहिला सचिव माल्त्सव तेवढा वाचला. ग्रिबोयेदवचा विटंबना झालेला देह ओळखू आला तो त्या वाकड्या करंगळीवरून. त्याच्याजवळचे कागद गेले. 'जॉर्जियातली रात्र' या पद्य शोकांतिकेचे तुकडेच उरले, म्हणून 'एका नाटकाचा लेखक' हा शिक्का मारताना थोडं थांबायला हवं. नीनाला ही बातमी उशिरा कळली. तिचं मूल जगलं नाही.

देह उत्तरेला निघाला त्याच वाटेनं, बैलगाडीतून. आजच्या आर्मेनियात स्तेपानावान आणि वानाद्झोर यांच्यामध्ये पुश्किन खिंड आहे. 'अर्झरूमचा प्रवास' या पुस्तकात पुश्किन सांगतो की जून १८२९ मध्ये इथे त्याला एक गाडी भेटली आणि काय आणलंय असं विचारल्यावर गाडीवानांनी ग्रिबोयेदवचं नाव सांगितलं. काही संशोधकांना या भेटीची शंका वाटते. पण त्याच पानांवर पुश्किननं केलेली तक्रार शंकेच्या पलीकडची आहे: अशी माणसं आपल्यातून निघून जातात आणि आपण आळसानं त्यांची हकीकतही लिहून ठेवत नाही. ग्रिबोयेदवला तिबिलिसीच्या म्तात्समिंदा डोंगरावर, संत दावितच्या मंदिराशी पुरलं, कारण त्याला तिथेच पुरायचं होतं. नीनानं पुन्हा लग्न केलं नाही. १८५७ मध्ये पटकीनं ती गेली आणि त्याच्याशेजारी तिला जागा मिळाली. कबरीवरच्या दगडावर तिनं कोरून घेतलेला मजकूर त्याच्या बुद्धीबद्दल आणि कामाबद्दल आहे, आणि मग स्वतःच्या प्रेमाबद्दल एक प्रश्न. १९२९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला, तिथे जॉर्जियाच्या थोर लोकांचं स्मृतिस्थळ सुरू झालं. मॉस्कोच्या नाटककाराची कबर जॉर्जियन कवींच्या सोबतीत आहे, आणि हे त्याच्या आयुष्याला शोभणारंच आहे.

या वाटेचा एक फाटा आपल्याकडे येतो. खून झाल्यावर शहानं नातू खोस्रो मिर्झाला माफी मागायला पीटर्सबर्गला पाठवलं. भेटींत एक हिरा होता, 'शाह' नावाचा, ८८.७ कॅरटचा, लांबट, किंचित पिवळसर, दोऱ्यानं बांधता यावा म्हणून एका टोकाजवळ चर पाडलेला. तो आज क्रेमलिनमधल्या हिऱ्यांच्या राजसंग्रहात आहे. लोक त्याला ग्रिबोयेदवच्या रक्ताचं मोल म्हणतात, पण प्रत्यक्षात इराणला खंडणीत सूट हवी होती, आणि झारनं उरलेल्या रकमेतला काही भाग माफ करून बाकीची मुदत वाढवली. हिऱ्याच्या तीन बाजूंवर तीन मालकांची नावं कोरलेली आहेत. शेवटचं फतेह अली शहाचं, मधलं शाहजहानचं, आणि सगळ्यात जुनं बुऱ्हाण निजामशहा दुसरा, हिजरी १०००, म्हणजे इसवी सन १५९१, अहमदनगर. मॉस्कोला गेलेल्या मराठी माणसानं त्या दालनासाठी वेगळं तिकीट काढावं आणि आपल्या नगरात कोरलेली ती अक्षरं जरूर पाहावीत. पण पुढे जमलं तर तिबिलिसीचा म्तात्समिंदाही चढावा. त्या कबरीजवळ जायला तिकीट लागत नाही.